चौबगल्यापासून कर्टलपर्यंत: १५४५ सालच्या एका स्वयंपाकिणीचा पोशाख

परिस्थिती

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकमध्ये, आम्ही राहतो त्या गावाजवळ एक जुनं, लाकडी चौकटीचं घर आहे. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार ते लोकांना पाहायला खुलं असतं आणि त्या दिवसांत तिथलं स्वयंपाकघर १५४५ सालात असतं. चूल पेटलेली असते, वाळल्या वाटाण्याचं पॉटेज, म्हणजे दाट सूप, शिजत असतं, कुणी पीठ मळत असतं. हे सगळं करणारी माणसं माझ्यासारखी हौशी. पगार नाही, पण दोन अटी आहेत. पाहुण्यांना सांगायची माहिती खरी हवी आणि अंगावरचे कपडे त्या काळचे हवेत, शक्यतो स्वतः शिवलेले. कापड लिननचं किंवा लोकरीचं, बाकी चामडं. आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्या तर चालतात, पण दिसणारा प्रत्येक टाका हाताचाच.

मी फेब्रुवारीच्या मध्यात नाव दिलं. जूनच्या पहिल्या शनिवारी चुलीपाशी उभं राहायचं होतं, म्हणजे हातात १५ आठवडे, तेही ऑफिस सुटल्यावरचे. शिवणाचा अनुभव म्हणाल तर साडीला फॉल लावणं आणि उसवलेली शिवण धरणं, एवढाच. आईने सांगलीत ३० वर्षं ब्लाऊज शिवले, पण तिच्या मशीनवर मी कधी नेटाने बसले नव्हते.

शेवटी पोशाख झाला आणि तो दिवसभर अंगावर टिकला. मधे मात्र अकराव्या आठवड्यात पूर्ण झालेला कर्टल, म्हणजे वरचा लोकरीचा झगा, सगळा उसवावा लागला. तो का उसवावा लागला, हे मला इथे सविस्तर मांडायचं आहे. पहिल्यांदा ट्युडर (इंग्लंडच्या त्या राजघराण्याच्या काळातले) कपडे शिवायला घेणारी बहुतेक माणसं त्याच जागी अडकतात, आणि त्यातलं बरंचसं कापडाला कात्री लागायच्या आधीच टाळता येतं.

आधी मखमल

ट्युडर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आठव्या हेन्रीच्या राण्या आल्या. चौकोनी गळा, जड बाह्या, मोत्यांची किनार. मी ९ पौंड मीटरने ५ मीटर गडद तांबडी मखमल घेऊन आले. पॉलिएस्टरची.

त्या जुन्या घरातल्या पोशाखांची जबाबदारी एका बाईंकडे आहे. त्यांनी ती मखमल हातात घेतली, परत घडी घातली आणि विचारलं, "तू स्वयंपाकघरात काय करणार आहेस?" मी म्हटलं, भाज्या चिरणार, चुलीवरचं भांडं बघणार. "मग त्या बाईचे कपडे शिव."

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. पहिली आगीची. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढीच जागा जळते आणि विझते. पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. उघड्या चुलीपाशी ते घालून उभं राहायचंच नाही. दुसरी गोष्ट काळाची. कोणी काय ल्यावं यावर त्या काळात कायदे होते. १५३३ च्या कायद्याचा रोख मुख्यतः पुरुषांच्या पेहरावावर होता, तर बायकांसाठीची वेगळी तपशीलवार यादी एलिझाबेथच्या १५७४ च्या घोषणेत आली. पण स्वयंपाकिणीला मखमलीपासून लांब ठेवायला कायद्याची गरजच नव्हती, तिची किंमत पुरेशी होती.

मखमल कपाटात गेली. वाईट वाटलं, पण पोशाखाची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. कोण आहे ही बाई, आणि दिवसभर हाताने काय करते?

बघायचं कुठे

ट्युडर काळ म्हणजे १४८५ ते १६०३. जवळजवळ सव्वाशे वर्षांत कमरेची जागा, बाहीचा आकार, डोक्यावरचं कापड सगळं बदललं. म्हणून साल ठरवावं लागतं. आमचं साल ठरलेलंच होतं, आणि नेमक्या त्याच सालाबद्दल इंग्लंडकडे एक मोठा ठेवा आहे. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ सोलेंटच्या सामुद्रधुनीत बुडालं आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला त्याचा सांगाडा वर काढला गेला. चिखलात चामड्याचे जर्किन (जाकिटं), बूट, विणलेल्या लोकरीच्या वस्तू राहिल्या. लिनन मात्र जवळजवळ सगळं विरघळून गेलं. मी पोर्ट्समथला जाऊन ते संग्रहालय पाहिलं. ते कपडे खलाशांचे, पुरुषांचे आहेत. त्यातून मला कर्टलचा नमुना मिळणार नव्हता. पण साध्या माणसाच्या कपड्याची शिवण जवळून बघायला मिळाली आणि तिने माझी भीती बरीच कमी केली. टाके सगळे एकसारखे नव्हते. घाई होती तिथे लांब, ताण येतो तिथे जवळजवळ.

चित्रांचं तसंच. चित्रकार होल्बाइन इंग्लंडमध्ये होता, १५४३ मध्ये लंडनलाच वारला, पण त्याच्यासमोर बसणारी माणसं दरबारी. ब्रिटिश म्युझियममधल्या त्याच्या एका रेखाटनात इंग्लिश हूड (डोक्यावरचं टोकदार शिरोवस्त्र) घातलेली एकच बाई समोरून आणि पाठीमागून अशी दोनदा काढली आहे. शिकणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो, तरी ती श्रीमंत घरची. स्वयंपाकिणी आणि भाजीवाल्या रंगवल्या त्या समुद्रापलीकडच्या, नेदरलँड्सच्या पीटर आर्ट्सनने. वर दुमडलेल्या बाह्या, पुढे दोरीने आवळलेली चोळी, कमरेला एप्रन. ही चित्रं इंग्लंडची नाहीत हे लक्षात ठेवूनच वापरायची. इंग्लंडमधली गर्दी होफ्नागेल या चित्रकाराच्या, लंडनजवळच्या बर्मंडसीच्या चित्रात दिसते, पण ते १५६९ च्या सुमाराचं, म्हणजे आमच्या सालाहून २४ वर्षांनी पुढचं. उरतात मृत्युपत्रं. त्यांत आई मुलीला स्मॉक (आतला झगा) ठेवते, मालकीण मोलकरणीला कर्टल ठेवते, कधी रंगही लिहिलेला असतो. कपडा वारशात देण्याइतका मोलाचा होता, हे मला त्यातून पहिल्यांदा नीट कळलं.

ठरलं ते असं: लिननचा स्मॉक, त्यावर लोकरीचा, पुढे दोरीने आवळायचा कर्टल, एप्रन आणि डोक्याला लिननचं कापड. बूट आणि मोजे विकत.

स्मॉक

स्मॉक म्हणजे अंगाला लागून असणारा लांब झगा. घाम तो शोषून घेतो आणि धुतला जातो तोही तोच. वरची लोकर धूत नसत, झटकत आणि ब्रश करत. स्वच्छता म्हणजे आतलं लिनन बदलणं.

१५० सेंटीमीटर पन्ह्याचं ३ मीटर लिनन आणलं आणि आधी गरम पाण्यात धुतलं. ते २ मीटर ८५ झालं. न धुता कापलं असतं तर पहिल्या धुण्यात बाह्या मनगटावरून वर गेल्या असत्या. स्मॉकला कागदी नमुना लागतच नाही. सगळे तुकडे चौकोन आणि त्रिकोण. पुढचा-मागचा भाग ७० रुंद, ११५ लांब. बाह्या ५० बाय ५५ च्या. बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या चार कळ्या, त्या दोन आयतांना तिरपं कापून निघतात. आणि काखेत १५ बाय १५ चे दोन चौकोन. कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही, कारण जवस पेरण्यापासून त्याचं लिनन विणण्यापर्यंत सगळी हातमेहनत होती.

त्या काखेतल्या चौकोनाशी मी एक अख्खा रविवार झगडत होते. दुपारी आईला व्हिडिओ कॉल लावला, तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला.

"अगं, हा तर चौबगला," आई म्हणाली. "मास्तरांनी मला पहिल्यांदा हाच शिकवला होता, बंडीला लावायला. आता कोण लावतं म्हणा."

"कोपऱ्यावर चुणी येतेय गं."

"टोकापर्यंत शिवत असशील. माया असते तेवढं आधी थांबायचं."

तेच चुकत होतं. चौकोनाच्या दोन कडा बाहीला, दोन कडा अंगाला जोडल्या जातात आणि प्रत्येक कोपऱ्यावर तीन कापडं भेटतात. सुई टोकापर्यंत नेली की कोपरा आवळला जातो. टोकाच्या १ सेंटीमीटर आधी थांबायचं, दोरा पक्का करायचा, कापड वळवायचं आणि पुढची कड नव्याने सुरू करायची. दुसरा चौबगला चाळीस मिनिटांत बसला. हात वर केला तर काखेत तो हिऱ्यासारखा उघडतो, खाली केला की मिटतो. कळी आणि चौबगला ज्याने आपल्याकडच्या जुन्या अंगरख्यात, कुर्त्यात पाहिला असेल, त्याला हा स्मॉक परका वाटणारच नाही. विणलेलं कापड महाग असेल आणि अंगाला हालचाल हवी असेल, तर दोन्हीकडचे शिवणारे हात त्याच उत्तरापाशी येतात.

शिवायला मेण लावलेला लिननचा दोरा घेतला. मेणाच्या वडीवरून दोरा दोनदा ओढायचा म्हणजे तो गुंतत नाही आणि विसविशीत होत नाही. लांब शिवणींना उलटी टीप, मग माया दुमडून दोन्ही बाजूंना हातशिलाई. ३८ तास लागले. मशीनने चार तासांत झालं असतं, पण हा कपडा सगळा हाताने शिवल्याचं मला समाधान आहे, कारण पुढे कर्टलला जे टाके लागले ते इथेच हातात बसले.

कर्टल, आणि जिथे बिघडलं

लोकर निवडताना त्या बाई सोबत आल्या. मंजिष्ठी लाल रंगाची, कुंदी केल्यासारखी घट्ट लोकर. ट्युडर काळी विणलेली लोकर पाण्यात मुलतानी मातीसारख्या मातीबरोबर घालून लाकडी हातोड्यांनी कुटत, म्हणजे धागे एकमेकांत गुंतून जात आणि कापड दाट होई. अशा कापडाचे दोरे सुटत नाहीत. कडा दुमडल्या नाहीत तरी चालतात. आमच्या सफोकमधली लॅव्हनहमसारखी गावं याच धंद्यावर श्रीमंत झाली. तिथलं निळं कापड नावाजलेलं होतं आणि ते वोड नावाच्या पाल्याने रंगवत. वोडमधलं निळं द्रव्य तेच, जे आपल्या निळीत असतं. लाल रंगाचं मूळही आपल्या मंजिष्ठेच्या कुळातलंच, तिची युरोपातली बहीण. साध्या घरांतही लाल कापड आवडीचं होतं, म्हणून मी लाल घेतला.

कर्टल वरून अंगाबरोबर बसतो आणि कमरेपासून चुण्यांनी खाली सुटतो. १५४५ मध्ये त्यात हाडं किंवा काड्या नसत. व्हेलबोन (देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या) घातलेल्या चोळ्या शतकाच्या अखेरीस दिसतात. आधार देतं ते आतलं जाड, घट्ट विणीचं लिनन आणि अंगावर नेमकी बसलेली कापणी. म्हणून सगळा भार मापावर असतो.

मापासाठी आधी मांजरपाटाची कच्ची चोळी करतात. इंग्लंडमध्ये या कापडाला कॅलिको म्हणतात, कालिकतवरून पडलेलं नाव. माझी कच्ची चोळी ९ तासांत झाली, आरशात चांगली बसली. त्यावरून लोकर कापली, आतलं कॅनव्हास कापलं, शिवलं, घागऱ्याच्या चुण्या घालून कमरेला जोडलं. ४६ तास. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी स्मॉकवर कर्टल चढवला आणि आवळला.

चार गोष्टी एकदम दिसल्या. कमरेपाशी दोन्ही कडा भिडत होत्या, पण वर छातीपाशी ५ सेंटीमीटरची फट राहत होती. कमरेच्या वर आडव्या वळ्या पडत होत्या. पुढची कड सरळ न राहता लाटेसारखी फिरत होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात वर केला की अख्खा कर्टल छातीवर चढत होता. खालचा घेरही त्याबरोबर वर जायचा. भांडं उतरवायला हात उचलता येत नसेल, तर तो कपडा कामाचा नव्हेच.

मला वाटलं, मोजताना आकडा चुकला. पुन्हा मोजलं. आकडे बरोबर होते.

तपासणी

आईने फोटो मागवले. हात खाली, हात वर, बाजूने, पाठीमागून. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तिने फोटो मोठे करून पाहिले होते.

"मुंढा केवढा खाली नेलायस," ती म्हणाली. मुंढा म्हणजे हात जिथून बाहेर येतो ती गोल कापणी. "का?"

"हलायला जागा हवी म्हणून."

"मोठ्या मुंढ्याने हात मोकळा नाही होत, अडकतो. ब्लाऊजचा मुंढा खाली उतरवला की हात वर केल्याबरोबर ब्लाऊज वर चढतो. मुंढा काखेला भिडलेला हवा. माझ्याकडे बायका हीच तक्रार घेऊन यायच्या, दुसरीकडे शिवलेला ब्लाऊज घेऊन."

मी या प्रकरणातून एकच गोष्ट शिकले असते तरी ही पुरली असती. आजचा टी-शर्ट, आजचा सैल ड्रेस ताणणाऱ्या कापडाचा असतो. तिथे मोठा मुंढा चालतो. न ताणणारं कापड अंगाबरोबर बसवायचं असेल तर हात खांद्यापाशी फिरला पाहिजे, कपड्यापाशी नाही. मुंढा लहान आणि वर असेल तर फक्त हात उचलला जातो. खाली असेल तर हाताबरोबर बगलेखालचं सगळं कापड उचललं जातं. साडीवरचा ब्लाऊज नीट बसवणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. मी मात्र ट्युडर कपडा म्हणजे वेगळंच काही शास्त्र असेल असं धरून चालले होते आणि घरात होतं ते ज्ञान विचारलंच नव्हतं.

बाकीच्या तीन चुका आम्ही दोघींनी मिळून शोधल्या.

फट पडली कारण कच्ची चोळी मी आजच्या ब्रावर आणि टी-शर्टवर बसवली होती. ब्रा छातीला पुढे आणते. कर्टल तसं करत नाही, तो सगळीकडून सारखा दाबतो. छाती चपटी, रुंद आणि थोडी वर बसते. घेराचा आकडा तोच, पण त्याची वाटणी बदलते. ज्या कपड्यावर कर्टल येणार तो स्मॉक कपाटात तयार होता आणि मी माप दुसऱ्याच कपड्यावर घेतलं.

वळ्या पडल्या त्या कमरेमुळे. मी कंबर धरली होती जीन्स बसते तिथे. या कर्टलची कंबर त्याहून वर, वाकलं की अंग जिथे दुमडतं तिथे हवी. वरचा भाग ३ सेंटीमीटरने लांब झाला होता, नितंबांवर टेकून तो वर ढकलला जात होता.

लाट आली कॅनव्हासमुळे. कापड वाचवायला एक तुकडा मी उरेबात कापला होता. उरेबातलं कापड ओढलं की वाढतं. बाहेरची लोकर सरळ धाग्यावर, आतलं कॅनव्हास तिरपं; दोरी आवळली की एक वाढतं, दुसरं नाही.

चारपैकी तीन चुका शिवण्याच्या नव्हत्याच. टाके चांगले होते. मोजण्याचा क्रम चुकला होता आणि आतून बाहेर यायचं ते मी बाहेरून आत गेले होते.

दुरुस्ती

नवी लोकर घ्यायला पैसे होते, पण त्या बाईंनी थांबवलं. "जोड दे. तेव्हाचे शिंपी सर्रास द्यायचे." १६ व्या शतकातले जे कपडे उरले आहेत त्यांत असे जोड दिसतात, मोठ्या घरांच्या कपड्यांतही. लपवायचा प्रयत्न फारसा नसतो. लव एकाच दिशेने ठेवायची, एवढं पाळायचं.

सगळं उसवलं. कमरेतून ३ सेंटीमीटर कमी केले. मुंढ्याच्या तळाला उरलेल्या लोकरीची, मधे ४ सेंटीमीटर रुंदीची चंद्रकोर जोडली. पुढच्या दोन्ही कडांना पाचर दिली, वर अडीच सेंटीमीटर आणि कमरेपाशी शून्य. कॅनव्हास टाकून दिलं आणि घट्ट लिननचे दोन थर सरळ धाग्यावर कापून एकमेकांना छोट्या टाक्यांनी बांधले. या वेळी प्रत्येक टप्प्यावर स्मॉक घालूनच माप पाहिलं आणि आरशासमोर नुसतं उभं न राहता वाकून, बसून, फडताळावरून भांडं काढून पाहिलं. २१ तास. चंद्रकोर जोडल्यावर हात पहिल्यांदा वर केला तेव्हा कर्टल जागचा हलला नाही. मी तसाच व्हिडिओ आईला पाठवला.

दोरीची भोकं

बाजारात धातूच्या रिंगा मिळतात, हातोडीने ठोकायच्या. त्या इथे चालत नाहीत, कारण तसं तेव्हा नव्हतं आणि ओढ बसली की त्या कापड फाडून निघतातही. हाताचं भोक टिकतं, ते का टिकतं हे करून पाहिल्यावर कळतं.

बारीक टोचणी लोकरीच्या आणि आतल्या लिननच्या थरांतून हळूहळू फिरवत घालायची. कापायचं काहीच नाही. धागे तुटत नाहीत, बाजूला सरतात. भोक दोरी जाईल एवढं झालं की मेण लावलेला दुहेरी दोरा कडेवरून आत-बाहेर असा गोल फिरवायचा, दर टाक्याला किंचित ओढायचं. आठ-दहा टाक्यांनंतर पुन्हा टोचणी घालायची, कारण भोक मिटायला लागलेलं असतं. मग दुसरी फेरी, पहिल्या टाक्यांच्या मधल्या जागांत. शेवटी कडेला दोऱ्याची कडी तयार होते. बोटाने दाबलं तर ती कडक लागते. अंगुस्तानाशिवाय तिसऱ्या भोकापर्यंतच बोट दुखायला लागतं. एका भोकाला पंधरा मिनिटं, अशी एका बाजूला १४, दोन्ही मिळून २८.

ती झाल्यावर अजून एक चूक उघडी पडली. भोकं मी बुटासारखी समोरासमोर केली होती. पण तेव्हाची बांधणी एकाच दोरीची, नागमोडी वर चढणारी असे; एका हाताने ओढली की सगळी आवळते आणि बाई स्वतःची स्वतः कपडे घालू शकते. समोरासमोरच्या भोकांतून ती ओवली की दोरीची सगळी ओढ तिरपी जाते आणि एक कड दुसरीपेक्षा वर सरकते. उपाय सोपा निघाला. एका बाजूला सगळ्यात वर आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यात खाली एकेक जादा भोक केलं. दोरी त्यांपासून सुरू केली आणि संपवली की मधले फेरे आडवे पडतात. दोरीच्या टोकाला पितळी नळी बसवली, नाहीतर टोक पिंजतं आणि भोकातून जात नाही.

चुलीपाशी

जूनचा पहिला शनिवार. केसांची वेणी लिननच्या फितीने डोक्याभोवती बांधली, त्यावर कापड टाचण्यांनी अडकवलं. उघडं डोकं ठेवायचं नाही हे त्या काळच्या बाईइतकंच चुलीपाशी काम करणाऱ्या कोणालाही पटावं. एप्रन म्हणजे एक आयत आणि फीत, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सात तास तो पोशाख अंगावर होता. सगळे विचारत होते, लोकर उकडत नाही का. उकडलं, पण अपेक्षेपेक्षा कमी. स्मॉक पाठीवर ओला होऊन हवेने सुकत होता आणि लोकर चुलीची धग सरळ अंगापर्यंत येऊ देत नव्हती. दुपारी लाकूड फुटून एक ठिणगी घागऱ्यावर पडली. टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका राहिला, बाकी काही नाही. मखमलीचा विचार मनात आला तेव्हा मी तो ठिपका बोटाने चाचपत होते.

घेर घोट्याच्या वर ५ सेंटीमीटर ठेवला होता. तो निर्णय बरोबर ठरला. निखारे सरकवताना खाली बसले तरी कापड राखेत गेलं नाही. आवळलेल्या चोळीने पाठीला आधार मिळाला. घरी दोन तास भाज्या चिरल्यावर कंबर भरून येते, तशी इथे आली नाही. एका शाळकरी मुलीने विचारलं, हे तुम्ही विकत घेतलं का? तिला मी मुंढ्याखालचा जोड दाखवला. तिने बोट फिरवून पाहिलं आणि स्वतःच्या कार्डिगनची काख तपासली.

चूक एकच राहिली. उजव्या खांद्याची पट्टी दुपारनंतर घसरायला लागली. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरता आहे आणि मी दोन्ही बाजू एकाच कापणीने कापल्या होत्या.

हिशेब

स्मॉकचं लिनन ४२ पौंड, लोकर ३ मीटर ८४, आतलं लिनन २१, मांजरपाट ९, दोरे, सुया, टोचणी, मेण आणि दोरी मिळून २६. एकूण १८२ पौंड. बूट आणि मोजे वेगळे. मखमलीचे ४५ यात धरलेले नाहीत. वेळ: स्मॉक ३८ तास, कच्ची चोळी ९, कर्टल ४६, दुरुस्ती २१, भोकं सुमारे साडेसात, एप्रन आणि डोक्याचं कापड ८. सुमारे १३० तास झाले. माप सुरुवातीलाच स्मॉकवर घेतलं असतं तर त्यातले वीसेक तास आणि एप्रिलची ती संध्याकाळ वाचली असती.

कुणी आता सुरुवात करत असेल तर मी त्याला आधी स्मॉक शिवायला सांगेन, तो धुऊन दोनदा घालायला सांगेन आणि त्यानंतरच मांजरपाट आणायला सांगेन. जवळपास ब्लाऊज शिवणारं कोणी असेल तर कच्ची चोळी बसवताना त्यांना समोर बसवावं. लाज वाटून घेऊ नये. चित्रं पाहून जे कळत नाही ते त्यांना हाताने कळतं.

ऑक्टोबरमध्ये थंडीचे दोन शनिवार आहेत. त्यासाठी टाचणीने अडकवायच्या लोकरीच्या बाह्या शिवायला घेतल्या आहेत. काल आईने दोन्ही खांद्यांची वेगवेगळी मापं मागवली, इंचांत, आणि सोबत सांगितलं की आधी स्मॉक घाल, मग टेप धर.